नोकरी, गाडी आणि घर : आधी काय?

शिक्षण संपवून नुकतेच कमावते झालेले तरुण आणि त्यांचे पालक यांच्याकडून आलेली तीन पत्रे या वेळी निवडली आहेत. तिन्ही पत्रांतील परिस्थिती वेगळी आहे. परंतु पगार हाती येऊ लागताच घर, गाडी आणि बदलीची संधी एकाच वेळी समोर उभी राहते, तेव्हा आधी कशाला हात घालायचा, हा पेच तिन्हींत आहे.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी २६ वर्षांचा असून कराडला मेकॅनिकल इंजिनिअरिंग पूर्ण करून तीन वर्षांपासून चाकणच्या एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत उत्पादन विभागात काम करतो. दरमहा ६२,००० रुपये हातात पडतात. भोसरीत दोन मित्रांबरोबर राहतो, माझ्या वाट्याचे भाडे ७,५०० रुपये आहे आणि कामावर जायला कंपनीची बस आहे. शैक्षणिक कर्जाचे १,८०,००० रुपये बाकी असून हप्ता ६,२०० रुपये आहे. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत आणि तीन वर्षांनी निवृत्त होतील. त्यांनी मोशीत ५८ लाखांचा टू बीएचके पाहून ठेवला आहे. बांधकाम चालू आहे आणि ताबा दोन वर्षांनी मिळेल. भविष्य निर्वाह निधीतून १२ लाख काढून द्यायला आणि सहकर्जदार व्हायला ते तयार आहेत. त्या भागात तसाच तयार फ्लॅट १७,००० रुपये भाड्याने मिळतो. पण भाडे म्हणजे पाण्यात घातलेले पैसे, कर्ज काढले की करही वाचतो आणि पुण्यात फ्लॅट असल्याशिवाय चांगली स्थळे येत नाहीत, असे त्यांचे म्हणणे आहे. मला स्वतःला साडेआठ लाखांची गाडी घ्यायची आहे, त्यासाठी सात लाखांचे कर्ज मिळत आहे. याच सुमारास आमच्या मॅनेजरांनी गुजरातमधील साणंदच्या प्रकल्पातील नव्या उत्पादन लाइनसाठी दोन वर्षांकरिता माझे नाव सुचवले आहे. कंपनीचा तमिळनाडूत होसूरलाही प्रकल्प आहे आणि हरियाणात गुरुग्रामला कार्यालय आहे. मी काय करावे?
— एक वाचक, चाकण

उत्तर : तुम्ही सगळे आकडे मोकळेपणाने दिल्यामुळे उत्तरही नेमके देता येते. माझे मत आधीच सांगतो : साणंदला जा, फ्लॅटचा निर्णय अडीच-तीन वर्षे पुढे ढकला आणि नवी गाडी सध्या घेऊ नका. हे तिन्ही निर्णय एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून कारणे जरा विस्ताराने मांडतो.

५८ लाख ही बिल्डरने सांगितलेली किंमत झाली. तुमच्या खिशातून जाणारी रक्कम त्याहून मोठी आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत पुरुष खरेदीदाराला मेट्रो अधिभार धरून ७ टक्के मुद्रांक शुल्क भरावे लागते, ते होते ४,०६,००० रुपये. नोंदणी शुल्क ३०,००० रुपये. बांधकाम चालू असलेल्या आणि ४५ लाखांहून महाग असलेल्या घराला ५ टक्के जीएसटी लागतो, त्याचे २,९०,००० रुपये. म्हणजे ७,२६,००० रुपये असे आहेत की ते भरल्याने तुमच्या घराचा एक चौरस फूटही वाढत नाही आणि उद्या घर विकायला काढले तर विकत घेणारा ते तुम्हाला वेगळे मोजून देत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांच्या वरच्या आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के रक्कम देऊ शकते, आणि ही किंमत धरताना मुद्रांक व नोंदणी शुल्क त्यात मिळवता येत नाही. तेव्हा ४६,४०,००० रुपये कर्ज मिळाले असे धरले तरी उरलेले ११,६०,००० आणि वरचे ७,२६,००० मिळून जवळजवळ १९ लाख रुपये स्वतःचे लागतील. वडिलांचे १२ लाख वजा केले तर सात लाखांची तूट राहते, आणि त्यात पंखे, दिवे, स्वयंपाकघराचा ओटा-कपाटे यांपैकी काहीच धरलेले नाही. ही तूट भरायला बहुतेक मुले वैयक्तिक कर्ज काढतात आणि गृहकर्जापेक्षा बऱ्याच महाग व्याजाचा दुसरा हप्ता मागे लावून घेतात.

आता भाड्याचे पाहू. तुमच्या वडिलांचे वाक्य मी असंख्य घरांतून ऐकले आहे आणि त्यामागची काळजी खरी आहे. मात्र हिशेब अपुरा आहे. ४६,४०,००० रुपयांचे कर्ज ८ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ३८,८०० रुपये येतो. वीस वर्षांच्या कर्जात सुरुवातीच्या हप्त्यांचा मोठा भाग व्याजातच जातो. पहिल्या वर्षी तुम्ही बँकेला एकूण ४,६६,००० रुपये द्याल आणि त्यांतले मुद्दलात जमा होतील जेमतेम ९८,०००. बाकीचे व्याज, म्हणजे महिन्याला साडेतीस हजारांहून अधिक. पूर्ण हप्त्याची तीन वर्षे संपतील तेव्हा जवळजवळ १४ लाख रुपये भरून झालेले असतील आणि मुद्दल कमी झालेले असेल सव्वातीन लाखांच्या आत. भाडे परत येत नाही हे मान्य; पण व्याजही परत येत नाही. तसाच तयार फ्लॅट तुम्हाला १७,००० रुपयांत राहायला मिळतो, आणि सध्या तर तुमचा निभाव ७,५०० रुपयांत होतो. शिवाय ताबा दोन वर्षांनी आहे. तोवर बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे बँक जितके पैसे बिल्डरला देत जाईल तितक्यावरचे व्याज भरायचे आणि भोसरीचे भाडेही भरायचे, असा दुहेरी खर्च चालू राहील. घराच्या किमती वाढत गेल्या तर घेणाऱ्याचा फायदा होतो, हे मी नाकारत नाही. मात्र तो फायदा तुमच्या पदरात पडायचा तर आधी वरचे सव्वासात लाख आणि ही व्याजाची रक्कम भरून निघाली पाहिजे, आणि त्याला वेळ लागतो. म्हणूनच ज्या शहरात निदान सहा-सात वर्षे राहण्याची खात्री आहे तिथेच पहिले घर घ्यावे, असे मी सांगत असतो. तुमची ती खात्री आज कोणीच देऊ शकत नाही.

कर वाचण्याचा मुद्दा तुमच्या बाबतीत लागूच होत नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होतो आणि पगारदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट त्याखेरीज मिळते. तुमचा पगार या मर्यादेच्या बराच खाली आहे. जो कर भरायचाच नाही तो गृहकर्ज काढून वाचवणार कसा? स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील दोन लाखांपर्यंतच्या व्याजाची वजावट फक्त जुन्या प्रणालीत मिळते. वडिलांनी ज्या काळात नोकरी केली त्या काळात ती वजावट मोलाची होती, म्हणून त्यांच्या मनात ती पक्की बसली आहे.

गाडीचा प्रश्न तुम्ही स्वतंत्र म्हणून विचारला आहे, पण बँकेच्या टेबलावर तो घराच्याच कागदात येऊन बसतो. हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण निम्म्या रकमेत सगळ्या कर्जांचे हप्ते बसले पाहिजेत, असा बँकांचा ढोबळ हिशेब असतो. कोणी थोडे सैल धरते, कोणी घट्ट. तुमच्या पगारात ही मर्यादा ३१,००० रुपये येते. शैक्षणिक कर्जाचे ६,२०० वजा केले की २४,८०० उरतात, आणि वर धरलेल्या व्याजाने एवढ्या हप्त्यात साडेएकोणतीस लाखांच्या आसपास गृहकर्ज बसते. सात लाखांचे वाहनकर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर त्याचा हप्ता १४,५०० रुपयांच्या घरात जातो. तो वजा केला की गृहकर्जासाठी १०,२०० ते १०,३०० रुपयेच उरतात आणि पात्रता सव्वाबारा लाखांवर येते. सात लाखांच्या वाहनकर्जाने सतरा लाखांचे गृहकर्ज मागे सरकते, ते असे. वडील सहकर्जदार झाले तर बँक त्यांचा पगारही धरेल हे खरे; पण तो तीन वर्षेच आहे, नंतर निवृत्तिवेतन, आणि एवढ्या मोठ्या हप्त्याचा भार त्यांच्या निवृत्तीच्या काळावर टाकणे मला योग्य वाटत नाही.

गाडीचा खर्च हप्त्यावर थांबत नाही. महिन्याला हजार किलोमीटर चालवली तर पेट्रोलचे साडेपाच-सहा हजार होतात, त्यावर विमा, सर्व्हिसिंग, टायर आणि पार्किंग. किंमत किती वेगाने उतरते हे विमा कंपन्यांच्या तक्त्यातच पाहायला मिळते : गाडीला एक वर्ष उलटले की विम्यासाठी धरायच्या किमतीत २० टक्के घट धरली जाते, दोन वर्षांनंतर ३० टक्के आणि चार वर्षांनंतर ५० टक्के. तुम्हाला कामावर न्यायला-आणायला बस आहे. पुणे-नाशिक महामार्गावर मोशीपासून चाकणच्या तळेगाव चौकापर्यंत सकाळ-संध्याकाळ जी कोंडी होते ती स्वतःच्या गाडीत बसल्याने कमी होणार नाही. बसमध्ये निदान डोळा तरी लागतो. गावी जाण्यासाठी आणि सुट्टीच्या दिवसासाठी एवढा खर्च डोक्यावर घेऊ नये. साणंदला कारखाना राहत्या जागेपासून दूर असला आणि बसची सोय नसली तर चांगल्या अवस्थेतील जुनी दुचाकी घ्या. ती मात्र नावावर करून घ्या : फॉर्म २९ आणि ३० भरून, जुन्या मालकाच्या कर्जाचा बोजा नोंदणी प्रमाणपत्रावरून उतरला आहे याची खात्री करून आणि विमाही स्वतःच्या नावावर वळवून.

आता साणंदबद्दल, कारण पत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे आणि तुम्ही ती सर्वांत शेवटी लिहिली आहे. चालू लाइनवर उत्पादन काढणे आणि नवी लाइन उभी करणे यांत शिकण्याच्या दृष्टीने फार अंतर असते. यंत्रे उतरवून घेण्यापासून पाया, जोडणी, पहिल्या नगांची तपासणी, ग्राहक कंपनीची मंजुरी आणि मग ठरलेल्या गतीने उत्पादन, हे सगळे एकदा हाताखालून गेले की त्या अभियंत्याला पुढच्या नोकरीत विचारले जाते. उत्पादन क्षेत्रातल्या अनेक मुलांना ही संधी मिळतच नाही, आणि ज्यांना मिळते त्यांच्यातील काही जण पुण्यात फ्लॅट घेतला आहे आणि हप्ता चालू आहे म्हणून नाही म्हणतात. मला याची खंत वाटते. पंचविशी ते तिशीच्या दरम्यान हव्या त्या शहरात जाण्याची मोकळीक हीसुद्धा एक मिळकत आहे. ती कोणत्या खात्यात दिसत नाही एवढेच. जाण्यापूर्वी बदलीचे पत्र लेखी घ्या. त्यात प्रतिनियुक्तीचा भत्ता, राहण्याची सोय, कालावधी आणि परत येताना कोणत्या पदावर घेणार, हे लिहिलेले असू द्या.

स्थळांचा मुद्दा मी बाजूला सारत नाही. बायोडेटात ‘पुण्यात स्वतःचा फ्लॅट’ ही ओळ हल्ली पाहिली जाते हे सर्वांना ठाऊक आहे. पण मुलीच्या घरच्यांना त्या ओळीतून मुलगा स्थिरावला आहे का, हेच जाणून घ्यायचे असते. ज्याच्यावर कर्ज नाही, ज्याच्या खात्यात आठ-दहा लाख रुपये आहेत आणि ज्याचे कंपनीत नाव आहे, त्याने हे सरळ सांगावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तुमच्या पत्नीची नोकरी कुठे असेल हे आज माहीत नाही. ती खराडीला किंवा हडपसरला काम करणारी असली तर मोशीतून तिने रोज जायचे कसे? लग्नानंतर दोघांनी मिळून, दोघांच्या कामाच्या जागा पाहून आणि दोघांच्या पगारावर घर घेतले तर जागाही योग्य निवडली जाते आणि कर्जही झेपते.

वडिलांना एक गोष्ट मात्र जरूर विचारा : निवृत्तीनंतर तुम्ही आणि आई मोशीत राहायला येणार आहात का? त्यांचे उत्तर होकारार्थी असेल आणि आईचीही तीच इच्छा असेल, तर ते घर मुलाची सोय म्हणून नव्हे, तर त्यांच्या उतारवयाची सोय म्हणून पाहावे लागेल, आणि मग त्यांच्या निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या रकमेत बसेल असे लहान घर शोधणे हा मार्ग आहे. गावचे घर सोडायचे नसेल तर निर्वाह निधीला हात लावू नये.

पुढच्या अडीच-तीन वर्षांचा हिशेब असा मांडता येईल. भाडे, शैक्षणिक कर्जाचा हप्ता, जेवणखाण आणि घरी पाठवायचे पैसे धरून तुमचे ३५,००० रुपयांच्या आत भागावे. उरलेल्या रकमेतील २५,००० रुपये आधी शैक्षणिक कर्जात जादा भरा. ते सहा महिन्यांत संपेल. त्यानंतर हे २५,००० आणि मोकळे झालेले ६,२०० मिळून दरमहा ३१,००० रुपये आवर्ती ठेवीत टाकत राहिलात तर अडीच वर्षांत व्याजासह दहा लाखांच्या आसपास जमतील. भत्ता आणि पगारवाढ यात धरलेली नाही. इतक्या जवळच्या गरजेचे पैसे शेअर बाजारात घालू नका, कारण नेमके हवे असतील त्या महिन्यात बाजार खाली असू शकतो. सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम वेगळ्या खात्यात कायम ठेवा आणि तिला घराच्या पैशात मोजू नका.

घर घ्यायची वेळ येईल तेव्हाची एक खबरदारी आताच सांगून ठेवतो. प्रकल्पाचा महारेरा (गृहप्रकल्पांची नोंदणी करणारे राज्याचे प्राधिकरण) क्रमांक घेऊन त्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर ताब्याची नोंदवलेली तारीख आणि इमारतीवर असलेली कर्जे स्वतः पाहा. नोंदणीकृत करार करण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम मागण्याचा अधिकार बिल्डरला कायद्याने नाही. कार्यालयात बसवून कोणी आजच बुकिंगचा आग्रह धरला तर उठून या. आणि किंमत ५० लाखांची किंवा अधिक असली तर १ टक्का रक्कम कापून आयकर खात्यात भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. ती राहून गेली तर नोटीस त्यालाच येते.

प्रश्न : मी २८ वर्षांची असून एका राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी आहे. मूळची नागपूरची, सध्या रायपूरला नेमणूक आहे आणि साधारण तीन वर्षांनी बदली होते. माझी शाखा शहराबाहेर असल्यामुळे गाडीवाचून चालणार नाही. ती नागपुरात नोंदवावी की छत्तीसगडमध्ये? शिवाय नागपूरला मनीषनगरच्या बाजूला आईवडिलांसाठी तयार फ्लॅट घ्यायचा विचार आहे. व्यवहारात धाकट्या भावाचेही नाव घालावे असे घरचे म्हणतात. हे दोन्ही एकदम करावे का?
— एक वाचक, रायपूर

उत्तर : तुमच्या नोकरीत बदली ठरलेलीच आहे, त्यामुळे तिच्याशी जुळवून घेणारी गाडी आणि तिच्यापासून अलिप्त राहणारे घर, अशी तुमची निवड आहे, आणि ती मला योग्य वाटते.

गाडी बीएच मालिकेत, म्हणजे राज्याऐवजी ‘भारत’ या नावाने मिळणाऱ्या क्रमांकावर नोंदवा. २०२१ साली सुरू झालेली ही मालिका केंद्र व राज्य सरकारचे आणि सार्वजनिक उपक्रमांचे कर्मचारी यांच्यासाठी, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी खुली आहे. तुम्हाला बँकेचे ओळखपत्र पुरेल. खासगी कर्मचाऱ्याला कंपनीकडून फॉर्म ६० वर प्रमाणपत्र घ्यावे लागते. वरच्या चाकणच्या वाचकाच्या कंपनीचा कारभारही चार राज्यांत आहे, त्यामुळे पुढेमागे गाडी घेतली तर हा मार्ग त्यांनाही खुला आहे.

साध्या नोंदणीची अडचण अशी की, गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली तर तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र हवे, गाडीवर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्या बँकेचेही हवे, नव्या राज्याचा कर आधी भरायचा आणि जुन्या राज्याकडून उरलेल्या काळाचा परतावा नंतर मागत बसायचे. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीवरचा एकरकमी कर १० लाखांपर्यंतच्या गाडीलाही ११ टक्के आहे, तेव्हा ही रक्कम लहान नसते. बीएच मालिकेत कर दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो आणि बदली झाली तरी क्रमांक बदलत नाही. मुदतीची तारीख मात्र लिहून ठेवा, कारण ती चुकली तर दिवसागणिक दंड चढतो. आणि पुढे ही गाडी या मालिकेला पात्र नसलेल्या माणसाला विकलीत तर त्याला राज्याचा कर भरून नवी नोंदणी करावी लागेल. विक्रीची किंमत ठरवताना तो हा मुद्दा काढणारच.

घराबाबत दोन गोष्टी. महाराष्ट्रात स्त्रीच्या नावावर निवासी घर घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सवलत आहे, पण सगळ्या खरेदीदार स्त्रियाच असतील तरच. भावाचे नाव घातले की ती जाते; ५० लाखांच्या घरात ती रक्कम ५०,००० रुपये होते. आईचे नाव घातलेत तर सवलत टिकते. पैशापेक्षाही मोठी गोष्ट ही की, हप्ते तुम्ही भरणार आणि मालकी दोघांची, ही व्यवस्था आज प्रेमाने होते आणि भावाचे लग्न झाल्यावर, किंवा तुम्हाला ते घर विकून दुसऱ्या शहरात घ्यायचे झाल्यावर, तिच्यातून कटुता येते. भावाला घरात राहायला द्यायला मालकी द्यावी लागत नाही, हे घरच्यांना शांतपणे सांगा. तयार घर घेताना भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला, पाहून घ्या. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर झालेल्या विक्रीवर जीएसटी लागत नाही.

कर्ज अर्थातच तुमच्या बँकेच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या सवलतीच्या योजनेतून घ्याल. त्या योजनेचे परिपत्रक मात्र शेवटच्या कलमापर्यंत वाचा. नोकरी सोडल्यास सवलतीचा दर जाऊन बाजाराचा दर लागू होतो, अशी अट अशा योजनांत असते, आणि २८ व्या वर्षी दुसऱ्या बँकेत किंवा दुसऱ्या क्षेत्रात जाण्याचा विचार मनात असू शकतो. बाजाराच्या दराने येणारा हप्ताही झेपेल, एवढेच कर्ज घ्या. गाडी आधी घ्या, कारण ती रोजच्या कामाची आहे. घरासाठी वर्षभर थांबलात तर आईवडिलांना बरोबर घेऊन, पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा, ती इमारत पाहता येईल. नागपूरच्या मे महिन्यात त्या भागाला पाणी किती येते हे डिसेंबरात कळत नाही.

प्रश्न : मी इचलकरंजीची असून सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे, निवृत्तीला आठ वर्षे आहेत. माझा मुलगा २३ वर्षांचा आहे आणि सहा महिन्यांपूर्वी हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत लागला. त्याने पुनावळ्यात ४५ लाखांचा फ्लॅट पाहिला आहे. मी सहकर्जदार म्हणून सही करावी आणि सुरुवातीच्या रकमेसाठी माझे सोने तारण ठेवावे, असे तो म्हणतो. त्याला नाराज करवत नाही. काय करू?
— एक आई, इचलकरंजी

उत्तर : ताई, यंदा सही करू नका. मुलाच्या हेतूविषयी मला शंका नाही. सहा महिन्यांच्या नोकरीवर वीस वर्षांचे कर्ज उभे करणे घाईचे आहे. त्याची नोकरी अजून पक्की झाली आहे का, हे पत्रात नाही. ते आधी विचारा.

सहकर्जदाराची जबाबदारी अर्धी नसते. मुलाचा हप्ता थांबला तर बँक संपूर्ण थकबाकी तुमच्याकडे मागू शकते आणि चुकलेला प्रत्येक हप्ता तुमच्या सिबिल नोंदीतही, म्हणजे बँका पाहतात त्या कर्जफेडीच्या इतिहासातही, उमटतो. आणि सहकर्जदार झाल्याने तुम्ही घराच्या मालक होत नाही. त्यासाठी खरेदीच्या करारात तुमचे नाव असावे लागते. कर्जाच्या कागदावर नाव आहे आणि कराराच्या कागदावर नाही, अशा जागी कधीही उभ्या राहू नका. सोने तारण ठेवून काढलेले कर्ज हे तिसरे ओझे आहे. ते सहसा थोड्या मुदतीचे असते आणि फेडायला उशीर झाला तर दागिने लिलावात जातात.

मुलाशी असे बोलून पाहा. त्याने हिंजवडीच्या जवळ भाड्याने राहावे, म्हणजे गाडीचीही गरज लागणार नाही, आणि फ्लॅटचा जेवढा हप्ता येणार आहे त्यातून भाडे वजा करून उरलेली रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात दीड वर्ष टाकून दाखवावी. हे त्याला जमले तर हप्ता झेपतो हे तुम्हा दोघांनाही कळेल आणि सुरुवातीची रक्कम त्याच्याच पैशातून उभी राहील. दरम्यान कंपनी बदलून बंगळूरला किंवा हैदराबादला जायची वेळ आली तर तो मोकळा असेल. दीड वर्षानंतरही तो पुण्यात असेल आणि घर घ्यायचे ठरले, तर करारात तुमचे नाव घालून मगच सहकर्जदार व्हा. कर्जाची मुदत अशी धरा की तुमच्या निवृत्तीनंतरचा हप्ता एकट्या त्याच्या पगारातून जाईल. आणि कर्जाच्या रकमेएवढा साधा मुदत विमा त्याने स्वतःच्या नावे, स्वतः निवडलेल्या कंपनीकडून घ्यावा. बँक कर्जाबरोबर एकरकमी हप्त्याची विमा पॉलिसी पुढे करते आणि ती रक्कम कर्जातच मिळवते. ती घेण्याची सक्ती नसते, एवढे सही करताना लक्षात असू द्या.